भावाला कुठला कॉमेडी सिनेमा दाखवू?

गेल्या अंकात सहज लिहून गेलो की मनाच्या आजारावर कॉमेडी सिनेमे पण असतात, त्याबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील, 'कुठं बघायला मिळेल' एवढंच विचारणारी. पण पाकिटं आणि व्हॉट्सॲप मिळून इतकं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं या पानात बसत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये रीळ फिरवलेला माणूस, तेवढ्या हिशोबानं वाचा.

काका नमस्कार, मी वडगावची. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. घरचे माग विकल्यावर तो मोबाईलच्या दुकानात जायचा, दिवाळीपासून ते पण सोडलंय. दिवसभर झोपून असतो पण झोप नाही, पहाटे तीनला बघावं तर डोळे उघडे. जेवायला बोलावलं तर 'भूक नाही' एवढंच. आई म्हणते नजर लागली, मोठे काका म्हणतात लग्न करून टाका आपोआप सुधारेल, शेजारच्या मावशी म्हणतात काहीतरी हसायचं दाखवा की त्याला. म्हणून मी 'अशी ही बनवाबनवी' लावला, लहानपणी त्याला सगळे डायलॉग पाठ होते. दहा मिनिटं बसला आणि उठून आत गेला. मला रडूच आलं. असा एखादा सिनेमा सांगा की तो हसेल आणि यातून बाहेर येईल.

ताई, तो उठून गेला त्यात सिनेमाची चूक नाही, तुमची तर नाहीच नाही. तापातल्या माणसाच्या तोंडाला आपला बेळगावचा कुंदा पण कडूच लागतो. कुंदा खराब असतो का? जीभ आजारी असते. ज्या गोष्टीत पूर्वी मजा यायची त्यातली मजाच निघून जाणं हे डिप्रेशनचं मोठं लक्षण आहे आणि पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं ही पण त्यातलीच. अशा माणसासमोर विनोदी सिनेमा लावला की त्याला वाटतं सगळं घर हसतंय, मलाच हसू येत नाही, म्हणजे मीच बिघडलोय. वर तुम्ही सगळे सिनेमा सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसलेला असणार, हसला का हसला का म्हणून. त्यापेक्षा आत जाऊन पडलेलं बरं.

हे मला माहीत आहे कारण मी स्वतः या गाडीतून एकदा गेलोय. आमचं टॉकीज बंद पडायच्या आधीचं वर्ष ते. केबिनच्या भोकातून बघतोय, खाली हॉल पोट धरून हसतोय आणि मला तो आवाज लांब कुठंतरी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा ऐकू येतोय. रीळ संपलं की बदलायचं एवढंच कळत होतं. त्यावेळी मला कोणी कॉमेडी दाखवली असती तर मी पण उठून गेलो असतो, पण मीच ती दाखवत होतो त्यामुळे जायला जागाच नव्हती.

आता सिनेमाचं. 'इनसाइड आउट' म्हणून २०१५ चा कार्टून सिनेमा आहे, पिक्सारचा. एका अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती अशी माणसं बसलेली असतात आणि आनंद बाई सगळीकडे पुढं पुढं करते, दुःखाला म्हणते तू या गोलात उभी राहा, बाहेर येऊ नकोस. त्यात बिंग बाँग नावाचा एक खुळा जीव आहे, त्याची आवडती गाडी जाते आणि तो मटकन खाली बसतो. आनंद बाई त्याला गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, खेळ काढते, काही उपयोग नाही. मग ती दुःख येऊन नुसती शेजारी बसते आणि म्हणते तुझी गाडी गेली ना, वाईट झालं. तो रडतो आणि रडून झाल्यावर आपला आपण उठतो. दोन मिनिटांचा सीन आहे. तुमच्या मावशी म्हणजे ती आनंद बाई, आणि तुम्ही पण सध्या त्याच पार्टीत आहात.

म्हणून माझं म्हणणं असं की सिनेमा भावाला नको, घरच्यांना दाखवा. विशेषतः त्या मोठ्या काकांना. त्यांच्यासाठी 'लिटल मिस सनशाइन', २००६ चा अमेरिकन सिनेमा. त्यातला मामा नुकताच स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न करून दवाखान्यातून आलेला आहे, बहीण त्याला आपल्या घरी आणते. पहिल्याच रात्री सगळे जेवायला बसलेत आणि सात वर्षांची भाची विचारते, मामा तुझ्या हाताला पट्ट्या कसल्या? बाप विषय बदलायला धडपडतो, आई म्हणते विचारू दे, आणि मामा तिला समजेल असं सांगतो. त्या टेबलावर सगळ्यात शहाणं कोण तर ती पोरगी, आणि सगळ्यात हास्यास्पद कोण तर तिचा बाप, जो लोकांना यशाच्या नऊ पायऱ्या शिकवत फिरतो आणि स्वतःची एक पायरी चढलेली नाही. सिनेमा आजारी माणसावर हसत नाही, उपदेश करणाऱ्यावर हसतो! पुढं ते सगळे एका जुन्या पिवळ्या गाडीतून निघतात, तिचा क्लच गेलेला, ढकलस्टार्ट. सगळ्यांनी खाली उतरून ढकलायची आणि पळत पळत एकेकानं आत उडी मारायची, मामानं पण. खानापूर रोडला जीप ढकललेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आईला इंग्रजी कळत नसेल तर मध्ये मध्ये थांबवून तुम्ही सांगा, मी आमच्या हिला असंच दाखवला, सिनेमापेक्षा जास्त वेळ गप्पांत गेला.

हे झालं सिनेमाचं, पण ताई दिवाळीपासून म्हणजे फार झालं. असं दोन आठवडे सलग राहिलं तरी डॉक्टरकडे जायचं असतं. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. कर्नाटक सरकारची मनोचैतन्य म्हणून योजना आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या मंगळवारी मनाचे डॉक्टर येतात, तुमच्याकडचा मंगळवार कुठला ते विचारून घ्या. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही १४४१६ ला फोन लावा, टेलि-मानस म्हणतात, फुकट आहे, रात्री दोनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं, कन्नड येत नाही म्हणून अडत नाही. गोळ्या सुरू झाल्या तर लगेच चार दिवसांत फरक शोधू नका, दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानंच बंद करू नका. मी केल्या होत्या, परत खड्ड्यात गेलो.

आणि एक गोष्ट विचारायला जीभ जड होते पण विचारा: 'जगू नये असं वाटतं का रे?' विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात जात नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना. पोलीस केस होईल म्हणून लपवणारी घरं मी बघितलीत, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं ठरवलंय, त्यामुळे ती भीती काढून टाका.

'बनवाबनवी' कपाटात राहू दे. तो आपण होऊन लावेल तेव्हा लावेल.

आजारी माणसावर हसणं हेच मुळात चूक नाही का? कॅन्सरवर कोणी कॉमेडी काढत नाही. (निपाणी, एक शिक्षिका)

कॅन्सरवर पण काढतात मॅडम, पण तुमचा मुद्दा कळला. माझी परीक्षा एकच, हॉल हसतोय तो कोणाला. आपल्या जुन्या सिनेमांत वेड्यांच्या इस्पितळाचा एक ठरलेला सीन असायचा. एकजण हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवतोय, एकजण स्वतःला राजा म्हणतोय, आणि हिरो चुकून आत अडकलाय. मी तो सीन शेकडो वेळा चालवलाय आणि हसलोय पण, खोटं कशाला बोलू. आता बघवत नाही.

याच्या उलट 'ॲज गुड ॲज इट गेट्स' घ्या, १९९७ चा, जॅक निकोल्सनचा. लेखक आहे, फुटपाथच्या फटीवर पाय पडू देत नाही, दार परत परत लॉक करतो, हॉटेलात स्वतःचे चमचे घेऊन जातो. आपल्याकडच्या सोवळ्याच्या आज्जींना तो जावई म्हणून चालला असता. तुम्ही हसता ते त्याच्या खडूस तोंडाला, आणि तो आवडत्या बाईसाठी गोळ्या घ्यायला लागतो तिथं हसू घशात अडकतं. आणि 'लगे रहो मुन्नाभाई'नं २००६ ला काय केलं आठवतंय ना? 'केमिकल लोचा' हा शब्द घराघरात नेला. ज्या गल्लीत 'ह्याला धारवाडला न्या' (म्हणजे मनाच्या दवाखान्यात) एवढंच माहीत होतं तिथं पोरं म्हणायला लागली की मेंदूत काहीतरी रसायन इकडं तिकडं होतं. शिवाय त्यात डॉक्टर सगळ्यांसमोर दाखवून देतो की मुन्नाला जेवढं माहीत तेवढंच त्याला दिसणाऱ्या बापूंना माहीत. चिडवायला पण लोक तो शब्द वापरतात हे खरं, तरी धारवाडपेक्षा लोचा बरा. (धारवाडला चांगली सरकारी संस्था आहे मॅडम, तिथं जाणं ही शिवी होऊन बसली हे आपलं कर्म.)

नावाचं म्हणाल तर २०१९ ला 'मेंटल है क्या' नावाचा हिंदी सिनेमा येत होता, मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि 'जजमेंटल है क्या' करावं लागलं. म्हणजे तुमच्यासारखं वाटणारे बरेच आहेत.

आम्ही घरात मराठी पण सिनेमे दोन्हीकडचे बघतो. कन्नडमध्ये असं काही आहे का? (संकेश्वर)

आहे की. 'आप्तमित्र', २००४. विष्णुवर्धन मनाचे डॉक्टर झालेत आणि सौंदर्या आहे, सिनेमा यायच्या काही महिने आधीच ती गेली. मूळ मल्याळम १९९३ चा, आणि तुम्ही हिंदीत 'भूलभुलैया' बघितला असेल तर गोष्ट तीच, वाड्यात भूत आहे असं सगळे म्हणतात आणि डॉक्टर येऊन म्हणतो भूत नाही, बाई आजारी आहे. कॉमेडी, भीती, गाणी सगळं ठेचून भरलंय. मला आवडतो, पण बरं करण्याची पद्धत बघितली तर शेवटी मांत्रिक, रिंगण, तलवार हे सगळं आहेच, फक्त त्याला इलाज म्हटलंय. खऱ्या दवाखान्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर लांब रांग असते.

कॉमेडी अजिबात नाही पण कन्नडचा विषय निघालाय तर 'शरपंजर' सोडून कसं चालेल. सत्तरच्या दशकातला, दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल. बाळंतपणानंतर एक बाई आजारी पडते, बरी होऊन घरी येते आणि घर, शेजार कोणीच तिला बरी मानत नाही. कल्पनानं काय काम केलंय! आणि तुम्ही संकेश्वरचे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, ती कल्पना १९७९ च्या मे महिन्यात गेली ती तुमच्याच शेजारी, गोटूरला. माझे वडील तिकडून जाताना दरवेळी बसच्या खिडकीतून हात जोडायचे, का ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमच्या मंडळाचं गणपतीत नाटक असतं. यंदा त्यात एक 'येडा' आहे, प्रॅक्टिसलाच सगळे लोळत्यात. पण गावात एकाच्या पोराला ट्रीटमेंट चालू आहे, त्याचे वडील येऊन गप्प बसून गेले. पात्र काढावं का? तोच तर खरा हशा आहे. (खानापूर तालुका)

काढू नका गा, फिरवा. त्या पोराला शहाणा करा, कमी बोलणारा, आणि बाकीच्या गावाला येडं करा. एक जण म्हणतोय देवर्षीकडं न्या, दुसरा म्हणतोय कोंबडं उतरून टाका, तिसरा म्हणतोय लग्न करा, चौथा म्हणतोय मोबाईल काढून घ्या, पाचवा नुसताच 'पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहा' करत स्टेजवरून आरपार जातोय, दर पाच मिनिटाला. पोरगं एकटंच म्हणतंय मला दवाखान्यात सोडा की कोणीतरी, आणि बस चुकत्या. यात हशा कमी आहे असं वाटत असेल तर तुमच्यात विनोदी नटच नाही असं समजा. हे वरचे सगळे डायलॉग मी ऐकलेले आहेत, फुकट घ्या. आणि त्या वडलांना पहिल्या रांगेत बोलवायच्या आधी एकदा घरी जाऊन वाचून दाखवा, त्यांना नको वाटलं तर त्या वर्षी दुसरं नाटक करा.

जास्त हसवणारे लोक आतून दुःखी असतात म्हणे, खरं का? (अनगोळ)

हे वाक्य लोकांना फार गोड लागतं, अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स २०१४ ला गेला तेव्हापासून तर जास्तच. त्याला डिप्रेशन होतं हे खरं, पण गेल्यावर तपासणीत कळलं की त्याच्या मेंदूला लुई बॉडी नावाचा आजार झालेला होता, त्यात भ्रम होतात, विसरायला होतं, अंग थरथरतं. म्हणजे 'हसऱ्या मुखवट्यामागचं दुःख' वगैरे म्हणून गोष्ट संपत नाही, एक आजार होता जो जिवंतपणी कोणाच्या नीट लक्षात आला नाही. चॅप्लिनची आई मनानं आजारी होती, तिला इस्पितळात ठेवावं लागलं, आणि पोरगं लहान होतं. म्हणून तो विनोदी झाला असं मी म्हणणार नाही, तशी आई असलेली कितीतरी पोरं नुसती पोरकी झाली. पण १९५२ च्या 'लाइमलाइट'मध्ये त्यानं एक म्हातारा, पडेल विनोदी नट केलाय, जो मरायला निघालेल्या एका नाचणाऱ्या पोरीला वाचवतो. पोरीच्या पायात दोष नाही आणि तरी तिला चालता येत नाही, आणि हा तिला रोज काहीबाही ऐकवून उभी करतो, आणि स्वतःचा शो मात्र आपटतो. तो बघा. हसवणारा माणूस दुःखी असतो का हे नाही कळणार, पण हसवणं हे मेहनतीचं काम असतं हे कळेल.

'डिअर जिंदगी' बघून मुलगी म्हणते मला पण थेरपिस्ट पाहिजे. हे फॅड आहे का? (शहापूर)

फॅड नाही, न्या. फक्त तिला सांगा की शाहरुख खान नसतो आणि समुद्रावर फिरवत नाहीत, चोर्ला घाट उतरून गोव्याला जायची पण गरज नाही. त्या सिनेमात खुर्च्यांचं जे आहे, की विकत घ्यायच्या आधी चार खुर्च्यांत बसून बघतो तसं माणसांचं, ते थेरपिस्टला पण लागू आहे. पहिला नाही पटला तर दुसरा.

मी ७१ वर्षांचा, टिळकवाडीत एकटा राहतो. पत्नी जाऊन आठ महिने झाले. पुण्याहून मुलानं 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' नावाचा स्वीडिश सिनेमा बघा म्हणून सांगितलं. बघावा का?

सर, सिनेमा सुंदर आहे. २०१५ चा, नंतर टॉम हँक्सनं इंग्रजीत पण केला, मला मूळचा जास्त आवडला. तुमच्यासारखाच बायको गेलेला एक तिरसट माणूस आहे, रोज कॉलनीत फेरी मारून कोणाची गाडी चुकीच्या जागी लागलीय ते बघतो. पण मुलानं तुम्हाला एक सांगितलं नसावं, तो म्हातारा सिनेमाभर जीव द्यायचा प्रयत्न करत असतो आणि दरवेळी काहीतरी आडवं येतं, कधी शेजारीण काहीतरी मागायला येऊन दार वाजवते. हसू येतं ते त्या दार वाजवण्याला. नुसती आठवण येऊन डोळे भरत असतील तर बघा, पण एकट्यानं नको. आणि त्या म्हाताऱ्याच्या मनातलं तुमच्या पण मनात येत असेल तर आत्ता तो सिनेमा नको, वर पहिल्या उत्तरात दिलेला नंबर आहे, आज लावा, आणि मुलाला पण सांगा.

तुमच्या पाकिटावर पत्ता आहे. रविवारी चारला मी येतो, माझ्याकडं सिनेमा पेनड्राइव्हवर आहे. मला चहात साखर चालते.